मशीनमधला नाथा

सहदेव जगदाळेच्या पोटात दुखायचं ते एकाच माणसामुळे, आणि त्या माणसानं त्याचं कधी काही वाकडं केलेलं नव्हतं. त्यामुळे जास्तच दुखायचं. कुणी पाठीमागे वाईट बोलतो, कुणी ऐन वेळी दगा देतो, अशा माणसावर चिडायला बरं असतं, चारचौघांत सांगताही येतं. नाथा तसला नव्हता. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं काम आहे. सहदेव ते वर्षानुवर्षं नेटानं करत होता.

सहदेव मूळचा साताऱ्याकडचा. डोंबिवलीत मानपाडा रोडला दोन खोल्यांत राहायचा, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता आणि सुट्टीच्या दिवशी कीबोर्ड वाजवायचा. त्याची बायको मालू ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. ती गायची. नाथा मालूच्याच गल्लीतला, दोन दारं सोडून. खोपटच्या एसटी डेपोत वर्कशॉपला कामाला, आणि ढोलकी अशी वाजवायचा की म्हाताऱ्या बायका पदर खोचून उठायच्या. हे तिघं एका ऑर्केस्ट्रात होते. ऑर्केस्ट्राचा मालक आखातात निघून गेला, मग तिघांनीच कार्यक्रम घ्यायला सुरुवात केली. हळदी, सत्यनारायणाच्या पूजा, बारशी, सोसायट्यांचे गणपती. मधल्या काळात सहदेवनं मालूशी लग्न केलं. पळून वगैरे नाही, रीतसर मागणी घालून, दोन्हीकडच्या मंडळींची तोंडं सरळ करत करत.

म्हणजे मालू त्याला मिळालेली होती. लग्नाला आठ वर्षं होत आली होती. तरी स्टेजवर बसलं की त्याचं डोकं फिरायचं. मधोमध मालू, तिच्या डाव्या हाताला नाथा, उजव्या हाताला कीबोर्डमागे सहदेव. आणि मालूची गाताना मान डावीकडे. दर गाण्याला. नाथाला तिचा चेहरा दिसायचा, सहदेवच्या वाट्याला अंबाडा आणि एक कुडी यायची. एवढ्या वर्षांत त्या कुडीचा प्रत्येक मोती त्याला पाठ झाला होता. कीबोर्डवर बोटं आपोआप चालायची आणि डोळे अंबाड्याच्या पलीकडे, नाथाच्या तोंडावर. हसतोय का? कशाला हसतोय? तिनं काही खूण केली का?

त्यातून आणखी एक गोष्ट. कोळीवाड्यातली झाडून सगळी पोरं सहदेवला दाजी म्हणायची. नाथा 'मास्तर' म्हणायचा. ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याला मास्तर म्हणतातच, त्यात विशेष काही नाही. पण सहदेवनं त्यावर दोन-तीन वर्षं विचार केला होता आणि तो अशा निष्कर्षाला आला होता की ज्याला मालूला बहीण म्हणायचं नाही, तोच तिच्या नवऱ्याला दाजी म्हणत नाही.

अशात बाजारात रिदम मशीन आलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. ठाण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं. वहीएवढा जपानी डबा, त्यावर रबरी बटणं, आत तऱ्हेतऱ्हेची वाद्यं. एकदा चालू केलं की न थकता, न चहा मागता वाजत राहायचं. हॉटेलांतून गाणारे लोक म्हणे आता दोघंच जायला लागले होते, एक गाणार आणि एक बटण दाबणार. सहदेवनं हे ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. दोघंच. नवरा आणि बायको. दुबईहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यानं मशीन घेतलं आणि मालूला सांगितलं, "आता काळ बदलतोय. तिघांचं लटांबर घेऊन फिरायचे दिवस गेले."

"आणि नाथा?" मालूनं विचारलं.

"नाथाला नोकरी आहे. त्याचं काय अडलंय?"

नाथाला सांगायला तो स्वतः खोपटला गेला. वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती: वाईट वाटून घेऊ नकोस, धंदा आहे, तुझ्या कलेचा प्रश्न नाही. नाथा ग्रीसचे हात फडक्याला पुसत बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं मास्तर. डबल ड्यूटी करून माझी तर पाठ गेलेली." वर त्याला कॅन्टीनचा चहा पाजला. सहदेव इतका नाराज होऊन परत आला की मालूला वाटलं, नाथानं भांडण केलं.

पहिला कार्यक्रम मानपाड्यालाच एका पूजेत झाला. मशीनमध्ये रॉक होतं, डिस्को होतं, सांबा होता, सगळं जग होतं. कोळीगीताचा ठेका तेवढा नव्हता. सहदेवनं त्यातल्या त्यात जवळचं म्हणून कुठलासा ब्राझीलचा ठेका लावला. समोर बसलेल्या बायकांनी आधी टाळ्या धरायचा प्रयत्न केला, मग एकमेकींकडे बघितलं, मग प्रसाद कधी वाटणार याची चौकशी सुरू झाली. मालूनं दोन गाणी कशीबशी रेटली आणि तिसऱ्याला गळा बसल्याचं सांगितलं.

मग सहदेवनं स्वतः ठेका भरायला घेतला. बटणं बोटांनी बडवली की मशीन ते लक्षात ठेवत असे. त्यानं चार संध्याकाळी बडवलं. ऐकायला आलं ते एखाद्यानं भिंतीत खिळे ठोकावेत तसं. मालू स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे नाथाला बोलव ना. त्याच्या बोटांत आहे ते."

सहदेव पुन्हा बटणं बडवायला बसला. पण पुढच्या महिन्यात दिवा गावात हळद होती, ठेका नव्हता, आणि दुसरा ढोलकीवाला आणावा तर मशीन घेतलं कशाला, असं सगळ्यांनी विचारलं असतं. ज्याला काढायला मशीन आणलं, त्यालाच मशीनसाठी घरी बोलवायची पाळी आली. नाथा रविवारी सकाळी आला, येताना पिशवीभर ताजी करंदी घेऊन.

स्वयंपाकघरात पाटावर मशीन ठेवलं. मालू ओट्याला टेकून हलक्या आवाजात गात होती, नाथा मांडी घालून समोर, दोन दोन बोटांनी बटणं वाजवत होता. आतल्या काँगो नावाच्या ढोलाचा आवाज सहदेवनं वर-खाली करून ढोलकीच्या जवळ आणला होता, त्याचं कौतुक कुणी केलं नाही. पहिल्यांदा भरून झालं आणि नाथानं ऐकलं, तर त्याचं तोंड वाकडं झालं.

"यो माझा हात नाय. मी थांबलो तिथं हे थांबत नाय. सरल पलतंय."

सहदेवला त्याचं कारण माहीत होतं. मशीनमध्ये एक सोय होती, चुकलेली थाप आपोआप जागेवर ओढून बसवायची. सगळ्या थापा एकसारख्या, रांगेत. त्यानं ते बंद करून दिलं. पुन्हा भरलं. आता धृपदाच्या आधी ढोलकी एक क्षणभर मागे रेंगाळायची, म्हणजे पडते की नाही असं वाटायचं, आणि मग अशी पडायची की अंग हलल्याशिवाय राहायचं नाही. मालू खुशीत म्हणाली, "हां! हेच!" नाथानं हात झटकले, करंदीचं कालवण आणि भात खाल्ला आणि दुपारच्या पाळीला निघून गेला.

दिव्याची हळद जोरात झाली. मग कळवा, मग मोहने, मग डोंबिवलीच्या आसपासची सगळी गावं. 'ते नवरा-बायको येतात बघा, डब्यावाले,' असं नाव झालं. एका रिक्षात सगळा संसार मावायचा. सहदेवनं खूश व्हायला हरकत नव्हती. पण त्याची पंचाईत अशी झाली होती की नाथा पूर्वी स्टेजवरून उतरला की आपल्या घरी जायचा, आता तो यांच्याच घरी मुक्कामाला होता. सहदेवनं त्याला स्वतःच्या खांद्यावरून आणायचं, धूळ बसू नये म्हणून टॉवेलात गुंडाळायचं, स्टेजवर मांडायचं आणि स्वतःच्या बोटानं चालू करायचं. जागा रिकामी होती म्हणून त्यानं स्पीकर डाव्या बाजूला ठेवला, आणि मालूची मान पुन्हा डावीकडे गेली. स्पीकरकडे! त्या काळ्या खोक्याकडे बघून ती गात होती आणि धृपद आलं, तो रेंगाळणारा क्षण आला, की तिच्या गालाची कड जराशी वर उचलली जायची. अंबाड्याच्या बाजूनं एवढंच दिसायचं. एवढं त्याला पुरत होतं.

एका कार्यक्रमाहून आल्यावर त्यानं विचारलंच. मालू केसांतला गजरा काढत होती.

"धृपदाच्या आधी हसतेस का?"

"कोण हसतं?"

"तू. दर वेळी. ती थाप उशिरा पडते ना, तिथे."

"अरे, गायला तोंड उघडावं लागतं," मालू म्हणाली. "तोंड मिटून गाणारी बाई बघितलीस का कुठे?"

"उडवून लावू नकोस."

"मग काय करू? रडू त्या जागेवर?" आणि ती खरोखरच हसायला लागली, म्हणून तो आणखी चिडला. घरात ती त्याला अरे-तुरे करायची, माणसांत अहो. त्याला वाटलं, नाथाला ती घरात आणि माणसांत दोन्हीकडे अरेच म्हणते. हे वाटून त्याला जेवण गेलं नाही.

खरं म्हणजे ठेका पुसून टाकणं त्याच्या हातात होतं. एक बटण दाबायचं काम. पण पुसला तर गाणार कशावर? त्या रेंगाळण्यामुळे तर लोक बोलवत होते. मालूचा आवाज त्यावर असा बसायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं एकाच घरात वाढलेत. आणि ते तर दोन दारं सोडून वाढलेच होते. सहदेवला हवी होती एकच गोष्ट: मालूनं एक तरी गाणं असं गावं की त्यात ती आणि सहदेव दोघंच असतील, तिसरं कुणी नाही. त्यासाठी एवढा डबा आणला, आणि तिसरा त्या डब्यात जाऊन बसला.

त्या वर्षी मार्गशीर्षात नाथाचं लग्न ठरलं.

आता तरी सहदेवला हायसं वाटायला पाहिजे होतं. थोडं वाटलंही, नाथा आमंत्रणाला दारात उभा राहीपर्यंत. नाथानं अक्षता ठेवल्या, पाणी प्याला आणि म्हणाला, "हळदीला तुम्हीच हवे मास्तर. दुसरं कोन नको."

"पण वाजवणार कोण?" मालूनं मुद्दाम विचारलं. "नवरदेव पाटावर बसून ढोलकी वाजवणार का?"

"मी कशाला? डब्यात मी हायच की!"

दोघंही खळखळून हसले. सहदेवही हसला, हसायला लागलंच. पण ते वाक्य त्याच्या कानात जे बसलं ते निघेना. डब्यात मी हायच की. कारखान्यात मोटारीचं वाइंडिंग तपासताना, बाजारात मेथी निवडून घेताना, कुठेही. लग्न करून हा माणूस बायको आणणार, संसार मांडणार, आणि वर सहदेवच्या डब्यातही राहणार. मजा आहे एका माणसाची.

हळद कुटायला घरच्या बायका लागतात, म्हणून मालू दोन दिवस आधीच कोळीवाड्यात गेली. नाथाची आई जनाबाई तिला मुलगीच मानायची. सहदेव पहिली पाळी करून दुपारी घरी आला तर घर रिकामं. ओट्यावर झाकून ठेवलेलं जेवण, आणि कोपऱ्यात टॉवेलात गुंडाळलेला नाथा. त्यानं जेवून घेतलं. मग टॉवेल सोडला.

पुसायचं नव्हतं. पुसलं असतं तर हळदीचा कार्यक्रम पडला असता आणि बोल त्यालाच लागला असता. त्यानं ती सोय सुरू केली, थापा जागेवर ओढून बसवण्याची. भरलेल्या ठेक्यालाही ती लागू होत होती. एक-एक गाण्याचा ठेका काढला आणि सरळ केला. जिथे जिथे नाथा रेंगाळला होता, तिथून त्याला मानेला धरून ओढला आणि रांगेत उभा केला. मग जुन्याच्या जागी नवा जपून ठेवला, म्हणजे परत फिरायची वाट राहिली नाही. ऐकून बघितलं. स्वच्छ, बिनचूक, शिलाई मशीन चालावं तसं. हे चूक आहे असं जगातला कुठलाही माणूस म्हणू शकला नसता. स्वतःच्या हळदीत, स्वतःच्या लोकांसमोर नाथाला स्वतःचा हात सापडणार नाही, या विचारानं सहदेवला एवढं बरं वाटलं की त्यानं उठून स्वतःसाठी दुधाचा चहा केला.

हळदीच्या दिवशी ऊन उतरायच्या आत मांडव भरला. खाडीकडून वारा येत होता, सुकटीचा वास नेहमीप्रमाणे होताच. नाथा पाटावर, उघड्या अंगानं, हळदीत माखलेला, नवरदेवाला शोभेल इतका ओशाळलेला. त्याच्या मागे आणि बाजूला बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे दगडाबाई, कोळीवाड्यातली सर्वांत म्हातारी बाई, जी लग्नाच्या कामात कुणाचं ऐकत नसे. मालू हिरवी साडी नेसून माइकपाशी उभी राहिली. तिनं सहदेवकडे बघून मान हलवली. त्यानं बटण दाबलं.

पहिल्या ओळी बिनघोर गेल्या. मालूचा आवाज मोकळा लागला होता. बायकांच्या टाळ्या जुळल्या. सहदेवनं नाथाकडे डोळे लावले, त्याला बघायचं होतं. धृपद जवळ आलं.

मालू थांबली. ती नेहमी थांबायची तेवढीच, क्षणभर. ठेका मात्र थांबला नाही. तो सरळ पुढे निघून गेला आणि मालू त्याच्या मागून आत आली. तिनं एकदा डब्याकडे बघितलं, एकदा सहदेवकडे. सहदेवनं कीबोर्डवर मान घातली. आता चुकेल, त्याला वाटलं, आता तिला कळेल की आजवर ती कुणाच्या आधारावर उभी होती.

दुसरं कडवं संपलं. मालू पुन्हा थांबली. आणि मग सहदेवनं मान वर केली, कारण थांबली होती ती एकटी मालू नव्हती. दगडाबाई थांबली होती. जनाबाई थांबली होती. मागच्या बायका, कडेवर पोरं घेतलेल्या, हळदीची ताटं धरलेल्या, सगळ्यांच्या टाळ्या हवेत थांबल्या होत्या. मग मालूनं धृपद उचललं आणि सगळा मांडव तिच्याबरोबर एका तोंडानं त्यात शिरला. मध्ये डबा एकटाच पुढे धावत होता, कुणाशी काही संबंध नसल्यासारखा.

तिसऱ्या कडव्याला दगडाबाईनं हात केला. "अरं जावय, तो डबा थोरा बंद कर. पोरीला आडवा येतो."

सहदेवनं डबा बंद केला. कुणाला काही फरक पडला नाही. कुणीतरी पितळी ताट पुढे ओढून त्यावर काठीनं ठेका धरला, बायकांनी टाळ्या घेतल्या, आणि मालू उजेड असेपर्यंत गात राहिली. एवढी मोकळी गाताना त्यानं तिला आजवर ऐकलं नव्हतं. सहदेव कीबोर्डमागे हात मांडीवर ठेवून बसून होता, आणि तो ऐकतही नव्हता, तो नाथाकडे बघत होता. नाथा खाली मान घालून बसला होता. वर बघतच नव्हता, मालूकडे तर नाहीच.

हळद लावायला पुरुषांची रांग लागली तेव्हा सहदेवला उठावं लागलं. त्यानं वाटीतली हळद घेतली आणि नाथाच्या खांद्याला लावली. नाथा हळूच म्हणाला, "सरल केलास ना मास्तर?"

"चुकत होतं ते. धृपदाला मागे राहत होतास."

"मी?" नाथानं वर बघितलं. त्याच्या भुवयांनासुद्धा हळद होती. "ते माझं नाय. तिचं हाय. तिची आय धवलारीन होती, ठाव हाय ना? लग्नं लावायची गानी म्हनून. मागच्या बायांना धृपद उचलायला येल भेटावा म्हनून ती थोरी थांबायची. मालू पन तशीच थांबते, बारकी होती तवापासून. मी पयले पुढंच पलायचो. मग तिला बोललो, गाताना तोंड माझ्याकडं ठेव, त्याशिवाय मना समजत नाय कवा थांबतेस."

मागचा माणूस हळद घेऊन पुढे सरकला, म्हणून सहदेव बाजूला झाला. मालूची आई लग्नाआधीच वारली होती, तिला त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मालूनं सांगितलं होतं, आई गायची. त्यानं कधी पुढे विचारलं नव्हतं.

आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे डब्यात नाथा नव्हताच. मांडवाच्या टोकापर्यंत जाऊन त्यानं हात धुतले, आणि हात धुता धुता त्याचा पुन्हा जळफळाट सुरू झाला, आधीच्या दुप्पट. तोंड माझ्याकडं ठेव. आणि तिनं ठेवलं होतं.

नाथाचं लग्न लागलं, सत्यनारायण झाला, मालू डोंबिवलीला परत आली. दोन दिवस ती नेहमीसारखी कामं करत होती. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना गुणगुणायची, आणि धृपदाच्या आधी थांबायची. सहदेवला आता ते ऐकू यायला लागलं होतं, किंवा निदान नाथानं सांगितल्यामुळे कळायला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मालू करंदी सोलायला बसली आणि म्हणाली, "डबा काढ."

"कशाला?"

"मोहन्याची हळद घेतलीये ना? त्या सरळ ठेक्यावर मी गाणार नाही. पुन्हा भर."

"नाथाला..." तो म्हणाला आणि थांबला.

"नाथाचं नवं लग्न झालंय. त्याला कशाला बोलवायचं? तू भर. मी गाते."

त्यानं पाटावर डबा ठेवला, ती सोय बंद केली आणि बटणांवर बोटं ठेवली. मालू करंदी सोलता सोलता गायला लागली. धृपद आलं. ठण्ण.

"पळालास," मालू म्हणाली.

पुन्हा घेतलं. पुन्हा पळाला. मग फार थांबला, तेव्हा ती त्याच्या आधी आत शिरली. मनात मोजून बघितलं, तर दर कडव्याला तिचं थांबणं वेगळं भरायचं, कधी कमी, कधी जास्त, मागे किती बायका बसल्यात त्यावर असल्यासारखं. इथे मागे कुणी नव्हतं, नुसतं पाण्याचं पिंप होतं. सोललेल्या करंदीचा ढीग झाला आणि डब्यात एकही धृपद नीट भरलं नाही.

"नाथाला कसं जमायचं?" सहदेवनं शेवटी विचारलं. आवाज चढला होता. "त्यालाच बरं जमायचं!"

"तो मला बघायचा."

"का बघायचा?"

मालूनं करंदी खाली ठेवली. "त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला माहीत. मला काय वाटतं ते मी कधीच बोलले नाही, त्याला नाही आणि तुलाही नाही. मी तुझ्याशी लग्न केलं आणि सुखात आहे. पण तू सांग ना, सहदेव. एवढी वर्षं मी तुझ्या शेजारी गातेय. तू कुणाला बघायचास?"

सहदेवच्या ओठांवर उत्तर आलं होतं आणि ते देणं भाग होतं, कारण ती वाट बघत बसली होती.

"नाथाला," तो म्हणाला.

मालूला राग आला नाही. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि पाटाच्या पलीकडे त्याच्या अगदी समोर येऊन बसली. "आता तो नाहीये इथं," ती म्हणाली. "बटणांकडे नको बघूस. इकडे बघ."

तिनं गायला सुरुवात केली. तिचा गाताना चेहरा कसा दिसतो हे सहदेवला माहीतच नव्हतं. कडवं संपत आलं तसे तिचे डोळे अर्धवट मिटले, ओठ जुळले, नाकपुड्या थोड्या फुलल्या, आणि आता काहीतरी फार आवडीचं येणार आहे आणि ते सगळ्यांना वाटून द्यायचंय अशी काहीतरी कळा तिच्या तोंडावर आली. एवढी सुंदर ती त्याला लग्नातही दिसली नव्हती. हे नाथानं बघितलं होतं. दर गाण्याला, दर कडव्याला, पोरवयापासून. सहदेव इतका जळला की बोट टेकवायचंच राहून गेलं, आणि मालू धृपदात एकटीच शिरली.